गॅस काढला तरी, पाणी भरलं तरी

सई : मावशी, नेदरलँड्समध्ये जमिनीतला गॅस उपसला म्हणून भूकंप झाले म्हणे. आता आपल्या कात्रजमध्येही पाइपचा गॅस आलाय.

मावशी : अगं, तो काय कात्रजच्या डोंगरातून येतो? आपल्या पायाखाली काळा कातळ. घाटात रस्त्याकडेला थरावर थर दिसतात ना, तेच खोलवर. तिथे कुठला गॅस!

सई : मग तिकडे काय झालं?

मावशी : ग्रोनिंगेनला १९६३पासून गॅस काढत होते. तीनेक किलोमीटर खाली वालुकाश्म, त्याच्या छिद्रांत गॅस. तो गेला, दाब उतरला, वरच्या ओझ्यानं दगड चेपला. सगळीकडे सारखा चेपला असता तर जमीन नुसती खचली असती. पण मधून जुने भ्रंश, म्हणजे खडक तुटलेल्या चिरा, गेलेले. एक बाजू जास्त बसली की भ्रंश सरकतो. २०१२ला ३.६चा धक्का बसला.

सई : एवढासाच?

मावशी : एवढासाच, पण उथळ. विटांच्या घरांना तडे गेले. २०२३च्या ऑक्टोबरात गॅस काढणं थांबवलं, तरी धक्के लगेच थांबत नाहीत. आपल्याकडे तर उलटंच. कोयनेला काही काढलं नाही, भरलं. धरणात पाणी साठायला लागलं तसे बारीक धक्के सुरू झाले, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ६.३चा. कोयनानगर कोसळलं, दोनशेच्या आसपास माणसं गेली.

सई : पाण्याच्या वजनानं?

मावशी : नुसत्या वजनानं नाही. पाणी भेगांतून झिरपतं, भ्रंशातला दाब वाढतो, खडकांची एकमेकांवरची पकड सुटते. पावसाळा सरला की तिथे आजही धक्के वाढतात.

सई : म्हणजे भूकंप धरणानं केला.

मावशी : ताण आधीचाच गं, धरण निमित्त. कोयनेजवळ गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडून पाहिलं, तर सव्वा किलोमीटर बेसाल्ट आणि खाली ग्रॅनाइट. भूकंप त्या ग्रॅनाइटमध्ये होतात.

सई : मग आपला कात्रजचा तलाव?

मावशी : कोयनेची भिंत १०३ मीटर उंच, आणि हा पेशव्यांचा तलाव! त्याची धास्ती सोड. तुमच्या इमारतीचं पार्किंग नुसत्या खांबांवर उभं आहे ना? ते भूकंपाचा हिशेब धरून बांधलंय का, हे सोसायटीच्या मीटिंगमध्ये विचार.