एक दुरुस्ती, अनेक नोंदी : बिल्ड सर्व्हरच्या फाईलींत बदल करण्याची शिस्त

महसुली दप्तरात सातबाऱ्यावरील हक्काची नोंद परस्पर बदलता येत नाही. बदल प्रथम गाव नमुना ६ मध्ये, म्हणजेच फेरफार नोंदवहीत लिहिला जातो. हितसंबंधितांना नोटीस दिली जाते, मंडळ अधिकारी नोंद तपासून प्रमाणित करतात आणि त्यानंतरच ती अंमलात येते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील या पद्धतीमागे एक साधे तत्त्व आहे : ज्या नोंदीवर अनेकांचे हित अवलंबून आहे, ती बदलण्यापूर्वी बदल लिहून काढावा व दुसऱ्याच्या नजरेखालून घालावा. संगणकाच्या क्षेत्रात नेमक्या याच तत्त्वाची गरज भासते ते एक ठिकाण म्हणजे बिल्ड सर्व्हर होय.

बिल्ड सर्व्हरचे कार्य

कोणतीही मोठी संगणकप्रणाली अनेक प्रोग्रामरांच्या हातून तयार होते. त्यांनी लिहिलेला मजकूर एकत्र आणणे, त्यापासून चालणारी प्रणाली बांधणे, तिच्या चाचण्या घेणे व निकाल संबंधितांना कळविणे ही कामे जो संगणक आपोआप पार पाडतो, त्याला बिल्ड सर्व्हर म्हणतात. या कामासाठी ‘जेन्किन्स’ ही प्रणाली जगभर वापरली जाते. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत असताना कोहसुके कावागुची यांनी ती ‘हडसन’ या नावाने सुरू केली. २०११ मध्ये तिला आजचे नाव मिळाले.

जेन्किन्समध्ये प्रत्येक कामाची एक स्वतंत्र कॉन्फिगरेशन फाईल असते. मजकूर कोठून घ्यावा, कोणत्या क्रमाने काय करावे, निकाल कोणास कळवावा, हे सर्व तीत एक्सएमएल पद्धतीने लिहिलेले असते. ही फाईल साध्या मजकुराची असल्यामुळे ती वाचता येते, तिची प्रत काढता येते आणि स्क्रिप्टच्या साहाय्याने तीत बदलही करता येतो. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला क्रमवार लिहून दिलेला आदेश.

सर्व्हर बंद ठेवण्याचे कारण

जेन्किन्स सुरू होताना सर्व फाईली वाचून आपल्या स्मृतीत ठेवतो व पुढे त्या स्मृतीवरूनच काम करतो. तो चालू असताना एखादी फाईल बाहेरून बदलली तर त्याला त्याचा पत्ता लागत नाही. इतकेच नव्हे, तर त्याच वेळी कोणी पडद्यावरून त्याच कामाची नोंद जतन केली, तर स्मृतीतील जुना मजकूर नव्या फाईलीवर लिहिला जातो आणि केलेली दुरुस्ती नाहीशी होते. म्हणून मोठा बदल करताना नवी कामे घेणे थांबवावे, चालू कामे पूर्ण होऊ द्यावीत आणि मग सर्व्हर बंद करावा. स्क्रिप्ट लिहिण्याचे व तपासण्याचे काम मात्र त्याआधीच फाईलींच्या प्रतीवर, वेगळ्या संगणकावर, इंटरनेटशिवायही करता येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर मंडणगड व दापोली तालुक्यांत वीज व दूरसंपर्क विस्कळीत झाला होता. अशा प्रदेशात या सोयीचे मोल वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

‘खेड’ आणि ‘खेडशी’

रत्नागिरी जिल्ह्यातील ९ तालुक्यांची माहिती देणारी ९ संकेतस्थळे एकाच सर्व्हरवर बांधली जातात, असे समजू. त्यांपैकी खेड तालुक्याच्या मजकुराची जागा बदलली. ‘खेड’ हा शब्द सापडेल तेथे नवा पत्ता घाल, असा आदेश स्क्रिप्टला दिला तर काय होईल? रत्नागिरी तालुक्यात खेडशी हे गाव आहे. त्याच्या नावातील पहिली दोन अक्षरेही बदलली जातील. त्याच सर्व्हरवर पुणे जिल्ह्याचे काम असेल, तर तेथील खेड तालुक्याच्या नोंदीलाही धक्का लागेल. उलटपक्षी, एखाद्या फाईलीत ‘चिपळूण’ऐवजी ‘चिपळुण’ असे लिहिले असेल, तर माणसाला ते एकच वाटते. यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द होत आणि ती फाईल दुरुस्तीविना राहते.

यंत्र आदेशाचा हेतू जाणत नाही, ते केवळ अक्षरे जुळवून पाहते. हाताने केलेली चूक एका फाईलीत राहते. स्क्रिप्टमधील चूक क्षणार्धात सर्व फाईलींत पोहोचते.

कामाचा क्रम

प्रथम मूळ फाईलींची संपूर्ण प्रत काढून बाजूस ठेवावी. त्यानंतर काहीही न बदलता केवळ शोध घ्यावा व किती ठिकाणी शब्द सापडला ते मोजावे. ९ ठिकाणे अपेक्षित असताना ११ आढळली, तर तेथेच थांबून कारण शोधावे. मग स्क्रिप्ट एकाच फाईलीच्या प्रतीवर चालवावी.

१९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत ली मॅकमहॉन यांनी तयार केलेले ‘सेड’ हे साधन शब्द बदलण्यासाठी आजही वापरले जाते. त्याच्या शोधवाक्यात टिंबाचा अर्थ ‘कोणतेही एक अक्षर’ असा होतो, हे पत्ते बदलताना ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. एक्सएमएलची रचना गुंतागुंतीची असेल, तर ती रचना ओळखणारे साधन वापरणे श्रेयस्कर ठरते.

यानंतर जुन्या व नव्या प्रतींतील फरक ओळीने ओळ काढावा. ही यादी म्हणजे या कामाचे फेरफार पत्रक होय. स्क्रिप्ट लिहिणाऱ्याखेरीज अन्य व्यक्तीने ती वाचून मान्य करावी. २००५ पासून उपलब्ध असलेल्या ‘गिट’ प्रणालीत फाईली ठेवल्यास कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद कायम राहते. शेवटी सर्व्हर बंद असताना तपासलेल्या फाईली जागेवर ठेवाव्यात, सर्व्हर सुरू करावा आणि एक काम चालवून खात्री करून घ्यावी.

प्रतीची जागा

काढलेली प्रत त्याच यंत्रावर ठेवणे पुरेसे नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूण शहर पाण्याखाली गेले, तेव्हा खालच्या मजल्यांवरील कागद आणि संगणक दोन्ही भिजले. म्हणून एक प्रत दुसऱ्या गावी असणे इष्ट होय. जेन्किन्स संकेतशब्द सांकेतिक स्वरूपात ठेवतो व ते उलगडण्याची किल्ली वेगळ्या फोल्डरमध्ये असते. किल्लीविना प्रत अपुरी ठरते, आणि किल्लीसह असलेली प्रत कार्यालयाच्या शिक्क्याप्रमाणे कुलपात ठेवावी लागते.

संगणकप्रणाली विकत घेणाऱ्या वा चालविणाऱ्या कार्यालयाला स्वतः स्क्रिप्ट लिहिता येणे आवश्यक नाही. मात्र बदलापूर्वीची प्रत कोठे आहे, फरकाची यादी कोणी तपासली आणि मागे फिरावे लागल्यास किती वेळ लागेल, हे तीन प्रश्न विचारण्याचा अधिकार त्याला आहे. त्यांची लेखी उत्तरे मिळाल्यानंतरच बदलास संमती देणे उचित होय.