जुन्या घरांतील नळांची निगा

मुंबई शहराला १८६० साली विहार तलावातून नळाने पाणी मिळू लागले. त्यानंतर क्रमाक्रमाने राज्यातील इतर शहरांत, तालुक्याच्या गावांत आणि पुढे खेड्यापाड्यांत नळ पोचले. चाळी, वाडे आणि पांढऱ्या मातीची घरे यांच्या भिंतींतून लोखंडी नळ्या फिरल्या. त्यांपैकी पुष्कळशा नळ्या आज जीर्णावस्थेत आहेत. कौल फुटले किंवा भिंतीला तडा गेला, तर घरमालकाचे लक्ष तत्काळ जाते. नळी मात्र भिंतीत वा जमिनीत दडलेली असल्याने तिची आठवण गळती दिसल्यावरच होते. गळती म्हणजे पाण्याची नासाडी, एवढेच आपण मानतो. वस्तुतः जीर्ण नळीतून पाणी बाहेर जाते, त्याच वाटेने घाण आतही येते. आरोग्याच्या दृष्टीने हा दुसरा धोका अधिक गंभीर होय.

नळी जीर्ण का होते?

जुन्या घरांत प्रामुख्याने जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी, म्हणजे जी. आय. नळ्या आढळतात. मुलामा झिजला की लोखंड गंजू लागते. आतल्या बाजूस गंजाच्या गाठी वाढून पाण्याचा मार्ग अरुंद होतो. नळीचा आतला व्यास निम्मा झाला, तर वाट मात्र एक-चतुर्थांशच उरते. जोडणीसाठी आटे पाडताना नळीची जाडी कमी होते आणि मुलामाही निघतो. म्हणून गळती बहुधा सांध्यापासून सुरू होते.

सकाळी प्रथम येणारे पाणी तांबूस दिसणे, एकाच नळाची धार मंदावणे, भिंतीवर ओल येऊन लोणा फुटणे ही नळी जीर्ण झाल्याची लक्षणे आहेत. मातीच्या भिंतींच्या घरात ओलीकडे दुर्लक्ष करणे विशेष धोक्याचे असते. पायथ्याशी सतत पाणी मुरले की अशी भिंत आतून खचू लागते.

घाण आत कशी शिरते?

आपल्याकडे बहुतेक ठिकाणी पाणी ठराविक वेळीच सोडले जाते. पाणी वाहत असते तोवर नळीतील दाबामुळे बाहेरचे काही आत येत नाही. पुरवठा बंद होऊन नळी रिकामी होऊ लागली, की आत पोकळी निर्माण होते आणि छिद्राभोवतीचे पाणी आत ओढले जाते. अनेक जुन्या गल्ल्यांत मुख्य वाहिनीपासून घरापर्यंतची नळी गटारातून गेलेली असते. अशा वेळी आत जाते ते गटाराचेच पाणी. कावीळ, अतिसार, विषमज्वर हे रोग अशा पाण्यातून पसरतात. नळाला थेट विजेची मोटार लावून पाणी खेचल्यास हा धोका आणखी वाढतो, आणि तो एका घरापुरता न राहता साऱ्या आळीला भोवतो.

तपासणीची सोपी रीत

घरातील सर्व नळ बंद करून पाण्याचा मीटर पाहावा. काटा फिरत असेल, तर कोठे तरी गळती आहे. मीटर नसल्यास रात्री छतावरील टाकीच्या पातळीवर खूण करावी व सकाळी ती पडताळावी. पाच मिनिटांत एक लिटर भांडे भरेल एवढी बारीक गळती चोवीस तासांत २८८ लिटर पाणी घालवते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरविले. त्या हिशेबाने हे पाच माणसांचे पाणी झाले.

डागडुजी की बदल?

एखादाच सांधा गळत असेल व बाकीची नळी ठणठणीत असेल, तर तेवढा सांधा बदलणे योग्य. परंतु नळी ठिकठिकाणी गंजली असताना सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून वर्षानुवर्षे काम भागविणे ही काटकसर नव्हे. एक छिद्र बुजते, शेजारी दुसरे पडते.

सर्व नळ्या एकदम बदलण्याची ऐपत प्रत्येकाची नसते. अशा वेळी क्रम ठरवावा. प्रथम रस्त्यापासून घरापर्यंतची नळी बदलून ती गटाराबाहेर काढावी; ओलांडणे अटळ असेल तेथे गटाराच्या वरून, स्वतंत्र संरक्षक नळीतून न्यावी. त्यानंतर उभी नळी व शेवटी घरातील फाटे घ्यावेत. नवी नळी शक्यतो भिंतीच्या बाहेरून न्यावी व प्रत्येक मजल्यावर बंद करण्याची झडप बसवावी.

थंड पाण्यासाठी यूपीव्हीसी व गरम पाण्यासाठी सीपीव्हीसी नळ्या गंजत नाहीत. मात्र उन्हापासून त्यांना जपावे लागते. खरेदी करताना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह पाहावे. पीव्हीसी नळ्यांतील शिशाच्या वापरावर केंद्र शासनाने २०२१ साली नियम केले आहेत, हेही ध्यानात असावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या घरांत विजेची अर्थिंगची तार पुष्कळदा लोखंडी नळाला बांधलेली असते. प्लॅस्टिकची नळी बसताच हे अर्थिंग तुटते व विजेचा धक्का बसण्याचा संभव असतो. म्हणून नळ्या बदलण्यापूर्वीच जाणकार तारतंत्र्याकडून स्वतंत्र अर्थिंग करून घ्यावे.

काम झाल्यावर

नव्या नळ्या प्रथम धुवून घ्याव्यात. नंतर दर १००० लिटर पाण्यास १५० ग्रॅम या प्रमाणात ब्लीचिंग पावडर टाकीत मिसळून ते पाणी सर्व नळ्यांत भरावे व तीन तास ठेवावे. त्यानंतर ते सोडून देऊन स्वच्छ पाण्याने नळ्या धुवाव्यात. हे पाणी पिण्यास वापरू नये.

सर्वांचा सहभाग

ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी गटारातून गेलेल्या नळजोडण्यांची यादी करून ती ग्रामसभेपुढे ठेवावी. पाण्यातील क्लोरिनची तपासणी टाकीजवळ करून थांबू नये. वाहिनीच्या शेवटच्या घरातील नळावरही ती करावी. तेथे दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक असले पाहिजे. टाकीजवळ ते पुरेसे असून शेवटच्या नळाला आढळत नसेल, तर वाटेत कोठे तरी घाण शिरत असल्याची शंका घेऊन त्या टप्प्यातील नळ्या तपासाव्यात. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घरोघरच्या गळक्या नळांची पाहणी करवून घेतल्यास हा विषय पाठ्यपुस्तकाबाहेर येऊन घराघरांत पोचेल.

पाणी शुद्ध करून गावाच्या टाकीत चढविण्यासाठी शासन व स्थानिक संस्था मोठा खर्च करतात. ते शुद्ध पाणी अखेरच्या काही हातांच्या अंतरात, एका कुजलेल्या नळीत दूषित झाले, तर तो सारा खर्च व्यर्थ जातो. त्या अखेरच्या नळीची निगा घरमालकाच्या हाती आहे, आणि त्यासाठी त्याला वेळीच जागे करणे हे आपणा सर्वांचे कर्तव्य आहे.