गाडीचा खर्च पेट्रोलवर थांबत नाही

प्रश्न : मी हैदराबादला दिलसुखनगरमध्ये राहतो, ऑफिस हायटेक सिटीत. गाडीने जाऊन-येऊन 50 किलोमीटर होतात. महिन्याचं पेट्रोल दहा हजारांच्या घरात जातं. मेट्रोने खरंच पैसे वाचतील का?
– एक वाचक

उत्तर : पेट्रोलचा तुमचा अंदाज बरोबर आहे. लिटरला 107 रुपये आणि पंजागुट्टा-अमीरपेटच्या कोंडीत 12चं ॲव्हरेज धरलं, तर 22 दिवसांचे 9,800 रुपये होतात. खरी मेख आहे घसाऱ्यात. 10 लाखांची गाडी 5 वर्षांनी 5 लाखांना गेली, तर दरमहा 8,300 रुपये गेलेच. पंपावर मोजावे लागत नाहीत, म्हणून ते कुणी धरत नाही. विमा, सर्व्हिसिंग, टायर वेगळेच.

आता मेट्रो. दिलसुखनगरहून लाल मार्गाने अमीरपेट, तिथे गाडी बदलून निळ्या मार्गाने हायटेक सिटी. 2025च्या दरवाढीनंतर कमाल तिकीट 69 रुपये आहे; रोज दोन्ही वेळा तेवढंच पडलं तरी महिन्याला 3,036. स्टेशनपासून ऑफिस लांब असेल, तर मात्र रिक्षाचं भाडं तिकिटाला सहज गाठतं (हे सगळे विसरतात!), तेव्हा ते आधी बघा.

आणखी एक. गाडी विकणार नसाल, तर घसारा नि विमा वाचला असं समजू नका. दारात उभी गाडीही जुनी होते. म्हणजे पेट्रोलच्या खर्चातून तिकीट नि रिक्षा वजा जाता महिन्याला हाती उरतील चार ते सहा हजार. घरात दोन गाड्या असतील, तर एक विकून टाका. खरी बचत तिथे आहे.