जेवताना कुत्रा का गुरगुरतो?

प्रश्न : आमचा दीड वर्षाचा मोती एरवी सगळ्यांच्या अंगाखांद्यावर खेळतो, पण जेवताना कुणी जवळ गेलं की गुरगुरतो. ‘घरात मालक कोण ते त्याला कळू द्या, खाताना भांडं काढून घेत जा,’ असा सल्ला मिळाला. महिनाभर तसंच करतोय, तर आता स्वयंपाकघराच्या दारात पाय ठेवला तरी दात दाखवतो. आमचं चुकतंय कुठे?

उत्तर : तुमचं नाही, सल्ल्याचं चुकलं. मोतीला मालक व्हायचं नाही, त्याला धास्ती वाटते आहे. तोंडापुढचं अन्न कुणी नेईल या भीतीने तो गुरगुरत होता. तुम्ही भांडं उचललंत आणि ती भीती खरी ठरली. रोज ठरत गेली. माणूस जवळ आला की जेवण जातं, एवढंच तो महिनाभरात शिकला. मग माणसाला लांबूनच अडवलेलं बरं, असं त्याला वाटणार. गुरगुर दारापर्यंत पोचली ती त्यामुळे.

‘मालक कोण’ ही समजूत मात्र जुनी आहे आणि तिचं मूळ लांडग्यांच्या अभ्यासात आहे. रुडोल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या प्राणिसंग्रहालयातल्या लांडग्यांवर लिहिलं. कोंडलेल्या जागेत ते वरचढपणासाठी झगडताना दिसले. अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मीच यांच्या १९७० च्या पुस्तकाने म्होरक्या लांडग्याची कल्पना आणखी पसरवली. पुढे मीच यांनीच कॅनडाच्या एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांचं अनेक उन्हाळे निरीक्षण केलं आणि १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आई-बाप आणि त्यांची पिल्लं. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवा, अशी विनंतीही त्यांनी प्रकाशकाला केली. अभ्यासकाने मत बदललं, गल्लीबोळातला सल्ला मात्र तिथेच राहिला. शिवाय कुत्रा काही लांडगा नव्हे. हजारो वर्षं तो माणसाजवळ राहिला आहे.

जबरदस्तीचा परिणाम मोजलाही गेला आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, कुत्र्याच्या तोंडातली वस्तू बळाने काढून घेणाऱ्या मालकांपैकी ३९ टक्क्यांना कुत्रा अंगावर आल्याचा अनुभव होता. मारणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ४३ टक्के होतं.

बरेच जण गुरगुरलं म्हणून कुत्र्याला फटका देतात. हे सगळ्यांत धोक्याचं. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे : मी घाबरलोय, लांब राहा. मार खाऊन तो गुरगुरणं सोडेल, भीती सोडणार नाही. मग एक दिवस तो सूचना न देताच चावतो आणि घरचे म्हणतात, ‘अचानक काय झालं कुणास ठाऊक!’ खरं तर गुरगुरण्याच्याही आधी त्याचं शरीर बोलत असतं. अंग ताठ होतं, मान भांड्यावर झुकते, खाण्याचा वेग वाढतो, डोळ्यांच्या कडेचं पांढरं दिसू लागतं.

आता करायचं काय? आजपासून त्याचं भांडं उचलणं बंद. तो कोपऱ्यात निवांत जेवू दे. मग जितक्या अंतरावर तुम्ही उभे असताना त्याला काही वाटत नाही, तिथून भांड्याकडे एक तुकडा टाका आणि निघून जा. तुकडा भांड्यातल्या जेवणापेक्षा सरस हवा : बिनमसाल्याचं, बिनहाडाचं उकडलेलं चिकन किंवा पनीर. (कांदा, मनुका, चॉकलेट कधीही नको, ते कुत्र्याला विषारी असतात.) माणूस आला की भर पडते, हे त्याला पटायला वेळ द्या. तुमची चाहूल लागताच तो मान वर करून तुकड्याची वाट पाहू लागला, की एक पाऊल पुढे. अंग ताठ झालं तर दोन पावलं मागे. यात घाई केली की महिन्याभराचं काम एका संध्याकाळी वाया जातं. काहीतरी काढून घेणं भागच असेल, तर आधी चांगली वस्तू द्या, ती खाताना पहिली घ्या आणि शक्य असेल तेव्हा परतही करा.

‘ही तर गुरगुरण्याला बक्षिसी झाली,’ असं कुणी म्हणेल. नाही. तुकडा तुमच्या येण्याशी जोडला जातो. पावलॉव्ह या शास्त्रज्ञाच्या प्रयोगातल्या कुत्र्यांना जेवणाआधीचा इशारा मिळताच लाळ सुटायची, तसंच तुमची पावलं म्हणजे चांगल्या गोष्टीची खूण बनते. भीतीच ओसरली तर गुरगुरायला कारण उरत नाही.

घरात लहान मुलं असतील तर हा सराव मोठ्यांनीच करावा आणि मोतीचं जेवण दार लावून वेगळ्या खोलीत व्हावं. हा स्वभाव अचानक पालटला असेल, तर आधी पशुवैद्याला दाखवा. दात, कान किंवा पोट दुखत असलं तरी कुत्रा चिडचिडा होतो. आणि तो कुणाला चावलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मोतीला लस दिलेली असली तरीही.