जुन्या स्लाइड प्रोजेक्टरची तपासणी व दुरुस्ती

कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवर रंगविलेली चित्रे पडद्यावर दाखविण्यास प्रारंभ केला. शाळेच्या कपाटातील जुना स्लाइड प्रोजेक्टर हा त्याच जादूच्या कंदिलाचा वंशज होय. आरसा, दिवा, जोडभिंगे, उष्णतारोधक काच, स्लाइड आणि पुढचे भिंग ही त्याची मुख्य अंगे. दोषही प्रकाशाच्या याच वाटेने शोधीत जावे.

उघडण्यापूर्वी प्लग काढावा व यंत्र पूर्ण निवू द्यावे. वायरचे रबर तडकले असल्यास ती जाणत्या कारागिराकडून बदलून घ्यावी. दिव्याजवळच्या तारांवरील पांढरे तंतुमय वेष्टन ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते खरडू नये.

दिवा व पंखा दोन्ही बंद असल्यास दोष बहुधा फ्यूज वा वायरीत असतो. पंखा फिरतो पण दिवा लागत नाही, असे झाल्यास दिवा व होल्डर तपासावा. नवा दिवा यंत्रावर छापलेल्याच व्होल्टचा व वॅटचा घ्यावा. हॅलोजन दिव्याच्या काचेस उघडे बोट लावू नये.

चित्र अंधुक दिसल्यास भिंगांवरील धूळ व पावसाळ्यातील बुरशी पाहावी. धूळ प्रथम मऊ कुंचल्याने झाडावी, मग स्वच्छ सुती कापडाने भिंग पुसावे. जोडभिंगे सामान्यतः फुगीर बाजू समोरासमोर येतील अशी असतात; काढण्यापूर्वीच त्यांचा क्रम लिहून ठेवावा.

सर्वांत मोठी दक्षता उष्णतेची. पंखा अडखळत असेल, किंवा उष्णतारोधक काच फुटली असेल, तर यंत्र क्षणभरही चालवू नये. दिवा पुन्हा विकत मिळेल. स्लाइड मिळणार नाही. कॅमेऱ्यातून निघालेली रंगीत स्लाइड हीच मूळ फिल्म असते, तिची वेगळी निगेटिव्ह नसते. ती वितळली की गावच्या जत्रेचे वा जुन्या शाळागृहाचे ते चित्र कायमचे गेले. म्हणून दुरुस्तीनंतर पहिली चाचणी निरुपयोगी स्लाइडवर दहा मिनिटे घ्यावी.

वर्धा येथे ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार पुढे ठेवला. प्लग काढलेले हे यंत्र वरच्या वर्गातील मुलांपुढे उघडून ठेवावे आणि स्लाइड उलटी का घालावी लागते, हे त्यांनाच शोधू द्यावे. प्रकाशाचा पाठ त्यांना यंत्रातच सापडेल.