अळवावरचें पाणी आणि दुधाची पिशवी



जें टिकत नाहीं त्यास आपण 'अळवावरचें पाणी' म्हणतों. अळवाच्या पानावर पडलेला पावसाचा थेंब पसरत नाहीं; मोत्यासारखा गोल होऊन घरंगळून जातो. कारण त्या पानावर मेणाचा अतिसूक्ष्म, खडबडीत थर असतो, आणि मेण पाण्याला जवळ करीत नाहीं.

आपल्या घरीं येणारी दुधाची पिशवी पॉलिथीनची असते. १९३३ सालीं इंग्लंडांत गवसलेला हा पदार्थ रचनेनें मेणाचाच थोरला भाऊ होय. दोहोंतही कार्बनच्या साखळ्यांना हायड्रोजन जडलेला असतो. पॉलिथीनच्या साखळ्या मात्र फारच लांब. म्हणूनच मोडलेली पॉलिथीनची बादली साध्या सरसानें सांधत नाहीं. मग त्याच पॉलिथीनवर दुधाचें नांव, किंमत व सूचना छापलेल्या कशा टिकतात? ती शाई हाताला लागून पुसली गेली, तर आपण काय विकत घेतलें हें घरच्या माणसांस कसें कळावें?

याचें उत्तर शाईंत नसून पृष्ठभागांत आहे. घन पदार्थाच्या पृष्ठभागाचें आकर्षण पुरेसें असेल तरच द्रव त्यावर पसरतो. पॉलिथीनच्या बाबतींत हें माप दर सेंटिमीटरला सुमारें ३१ डाइन असतें. छपाईसाठीं तें ३८ च्या आसपास किंवा अधिक असावें लागतें.

तें वाढविण्याची रीति अशी. पॉलिथीनचा पातळ पट्टा रुळावरून धांवत असतां त्याच्या वर किंचित् अंतरावर धातूची पट्टी असते. तिला हजारों व्होल्ट दाबाची वीज देतांच मधली हवा जांभळट प्रकाशानें उजळते. हवेच्या रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटतात. अशा विद्युत्‌भारित वायूस अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विंग लँगम्यूर यांनीं १९२८ सालीं 'प्लाझ्मा' हें नांव दिलें. आकाशांतील वीज हाही प्लाझ्माच. पण ती जाळते. येथें हलके इलेक्ट्रॉन तेवढे अतितप्त असतात, जड रेणु फारसे तापत नाहींत; म्हणून पट्टा वितळत नाहीं. मात्र पृष्ठभागावरचे कांहीं हायड्रोजन निखळतात आणि त्यांच्या जागीं हवेंतील प्राणवायु जडतो. त्याच्या आधारानें शाई धरून राहते. हा बदल मिलिमीटरच्या सुमारें एक लक्षांश खोलीपर्यंतच होतो. आंतील पॉलिथीन जसेंच्या तसें राहतें.

दोन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, हा गुण दिवसांगणिक ओसरतो. म्हणून छपाई लवकर उरकावी लागते. दुसरी, हा संस्कार पिशवीच्या बाहेरच्या अंगासच करतात. संस्कारित अंगें उष्णतेनें नीट सांधली जात नाहींत, आणि सांधा सुटला तर दूध सांडेल.

गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेनें अंगोरा सशाच्या लोंकरीवर हाच उपाय योजिला. तिचे केस गुळगुळीत असल्यानें धाग्यांतून निसटतात. प्लाझ्मानें ते किंचित् खरखरीत होऊन एकमेकांस धरतात.

आपण एक प्रयोग करावा. रिकामी पिशवी धुवून, वाळवून उलगडावी. बाहेरच्या कोऱ्या जागीं एक व आंतल्या अंगावर एक असे पाण्याचे सारखे थेंब ठेवून त्यांचे आकार ताडून पहावे. विजेचा प्रयोग मात्र घरीं मुळींच करूं नये. ज्यांस हा विषय पुढें शिकावयाचा असेल, त्यांच्यासाठीं मुंबईस माटुंगा येथील रासायनिक तंत्रज्ञान संस्थेंत त्याचा स्वतंत्र विभाग आहे.

यापुढें कांहीं चिकटेनासें झालें, तर सरसाला दोष देण्यापूर्वीं पृष्ठभाग कसा आहे तें अवश्य तपासावें.