कानात बसणारा हेडफोन कसा निवडाल?

कानात बसवायचा हेडफोन घेताना आपण किंमत आणि खोक्यावरचा ‘२० ते २०,००० हर्ट्‌झ’ हा आकडा पाहतो. परंतु आधी पाहावी ती टोकावरची मऊ रबरी टोपी. ती सैल बसली, तर फटीतून हवेचा दाब निसटतो आणि खर्जाचे सूर दुबळे होतात. शिवाय बाहेरचा गोंगाट आत शिरतो. मग आपण आवाज वाढवतो.

एक सोपा प्रयोग करा. तबलावादन ऐकताना टोपी बोटाने हलकेच दाबा. डग्ग्याचा घुमारा एकदम वाढला, तर दुसऱ्या मापाची टोपी लावून पाहा.

याला एवढे महत्त्व का? अंतर्कर्णातील केशपेशी एकदा नष्ट झाल्या, की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मुलांसाठी सुचविलेली मर्यादा आठवड्याला ७५ डेसिबेल, ४० तास अशी आहे. १० डेसिबेल वाढले की ध्वनीची तीव्रता दहापट होते. म्हणजे ८५ डेसिबेलला किती तास उरले? फक्त चार!

तेव्हा टोपी नीट बसणारा हेडफोन निवडा आणि आवाज कमी ठेवा. मात्र रस्त्यावर तो खिशातच असू द्या. मागून येणाऱ्या गाडीचा भोंगा ऐकू यायला हवा ना?